एकलहऱ्याची राख आणि सिन्नरचा अडलेला लोहमार्ग

नाशिकरोडहून सामनगावच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसू लागतात. सरकारी कागदावर ते नाशिक औष्णिक विद्युत केंद्र. गावात सगळे त्याला नुसतं ‘थर्मल’ म्हणतात. नाशिकमध्ये कोळशाच्या विजेला विरोध झाला का, या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. राखेविरुद्ध तक्रार करणारा आणि नवा वीजनिर्मिती संच द्या म्हणून निवेदन देणारा, दोघं पुष्कळदा एकाच घरात राहतात.

एकलहऱ्याचा पहिला संच १९७० मध्ये सुरू झाला आणि दुसरा पाठोपाठ १९७१ मध्ये. हे दोन्ही १४० मेगावॉटचे. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच आले आणि एकूण क्षमता ९१० मेगावॉट झाली. इथे तारखांकडे जरा बारकाईने बघायला हवं. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. पर्यावरण परवानगी आणि जनसुनावणी ही भानगड तर १९९० च्या दशकातली. म्हणजे ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना धूर नि राखेबद्दल कुणी विचारण्याची सोयच तेव्हा कायद्यात नव्हती. जमीन घेतली १८९४ च्या इंग्रजी कायद्याखाली. त्यामुळे सुरुवातीची भांडणं झाली ती मोबदल्याची आणि प्रकल्पग्रस्त दाखल्यावर मिळणाऱ्या नोकरीची. हवेचा विषय मागून आला.

तो आला राखेच्या वाटेने. हिशेब साधा आहे. एक युनिट विजेला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो. २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर ५० लाख युनिट वीज होते आणि पावणेचार हजार टन कोळसा जळतो. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. म्हणजे एका संचाची रोजची बाराशे टनांवर राख. बारीक राख धुराड्याआधी विजेच्या सापळ्यात धरतात, जाड राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडतात. पावसाळ्यात बंधारा निमूट असतो. फाल्गुन-चैत्रात वरचा थर सुकतो, वारं सुटतं, आणि मग वाळत घातलेल्या कपड्यांपासून द्राक्षाच्या पानापर्यंत सगळीकडे करडी पूड बसते. द्राक्षवाल्याला पानावरची धूळ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

राखेची विल्हेवाट लावण्याची अधिसूचना केंद्राने १९९९ मध्ये काढली आणि नंतर ती वेळोवेळी बदलली. विटा, सिमेंट, रस्त्याचा भराव अशा वाटा निघाल्या. मग राख उचलण्याच्या कामावरूनही गावागावांत चुरस लागली. कालपर्यंत जिच्या नावाने बोटं मोडली, तिचेच डंपर दारात उभे राहिले. यात ढोंग काही नाही. ज्याने जमीन दिली त्याला निदान राखेतून तरी दोन पैसे मिळावेत, एवढंच ते.

सिन्नरची गोष्ट वेगळी. विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदा २००५ चा. त्यानंतर मुसळगाव-गुळवंच परिसरातली जमीन एमआयडीसीमार्फत इंडियाबुल्स कंपनीच्या अशा क्षेत्रासाठी घेतली गेली आणि तिथे २७० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे १३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प उभा राहिला. तालुका कोणता, तर पूर्वेला दुष्काळ पाचवीला पुजलेला. त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचा. याच कंपनीच्या अमरावतीच्या प्रकल्पाला अप्पर वर्धा धरणाचं पाणी देण्यावरून शेतकरी रस्त्यावर उतरले होते. सिन्नरसाठी नाशिक महापालिकेचं सांडपाणी प्रक्रिया करून वापरायचं ठरलं. कागदावर हा तोडगा देखणा. पण ते पाणी नाहीतर गोदावरीतच जाणार होतं, आणि नदीच्या खालच्या अंगाला निफाडचे शेतकरी बसलेले. नदीकाठी फुकटचं पाणी कुठलंच नसतं.

प्रकल्प खरा अडला तो लोहमार्गावर. कोळसा आणायला ओढा स्थानकापासून गुळवंचपर्यंत रूळ हवे होते आणि वाटेतल्या बागायती गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला नकार दिला. मोर्चा-घेराव यांपेक्षा हा मुका विरोध जास्त चिवट ठरला. पहिला संच २०१४ मध्ये आणि उरलेले २०१७ मध्ये तयार झाले, पण वीजखरेदीचा करारच हाती नव्हता. प्रकल्प थंड पडून राहिला आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. तो शेतकऱ्यांनी बंद पाडला असं म्हणणं मला पटत नाही. करार असता तर रुळांसाठी सरकारने जोर लावलाच असता. अलीकडे केंद्राची वीजकंपनी एनटीपीसी आणि राज्याची महानिर्मिती यांनी मिळून तो घ्यायची तयारी दाखवल्यावर रुळांचा विषय पुन्हा निघणार हे ओघानेच आलं.

इकडे एकलहऱ्यात १४० मेगावॉटचे दोन्ही जुने संच मोडीत निघाले आणि क्षमता ६३० वर आली. त्यांच्या जागी ६६० मेगावॉटचा संच देऊ, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तो आला नाही. कामगार, प्रकल्पग्रस्त, वसाहतीच्या जिवावर चालणारे दुकानदार, सगळे त्यासाठी निवेदनं देत राहिले. तिकडे नागपूरजवळच्या कोराडीत ६६० चे दोन नवे संच घालायचं ठरलं, तर २०२३ च्या मे महिन्यातल्या जनसुनावणीत नागपूरकरांनी त्यांना कडाडून विरोध केला.

डहाणूकरांची आठवण इथे काढायलाच हवी. चिकूच्या बागा असलेल्या त्या तालुक्याला १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, आणि त्याच्या रेट्यामुळे तिथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला २००७ मध्ये धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली. चिकूला जे मिळालं ते द्राक्षाला मिळालं नाही. नाशिककरांच्या हाती तसं प्राधिकरण कधी आलंच नाही.

गंधकाची मर्यादा देशभरासाठी डिसेंबर २०१५ मध्ये आली आणि मुदती पुढे सरकत गेल्या. २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतली केंद्रं मात्र वगळली नाहीत, त्यांना २०२७ अखेरची मुदत आहे. नाशिकची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पंधरा लाखांच्या घरात होती. पण त्याच नियमात आणखी एक कलम आहे: जे संच २०३० संपण्याआधी बंद होणार, त्यांना गंधकाच्या अटीतून माफी. एकलहऱ्याचे उरलेले तिन्ही संच चाळिशी ओलांडलेले आहेत.