आय-८० वरचे काका-काकू आणि त्यांच्या आधीची सव्वाशे वर्षं

आमचे पार्सिपनीचे काका रिटायर झाले आणि काही महिन्यांतच काकूला म्हणाले की आता न्यू जर्सी ते सॅन फ्रान्सिस्को गाडीने जायचं, विमानाचं नाव काढायचं नाही. आरव्ही भाड्याने घेतली, म्हणजे आत गॅसची शेगडी, पलंग, संडास सगळं असलेली चाकावरची खोली, आणि निघाले. इकडे ठाण्यात आमच्या घरी आठवडाभर तोच विषय, आई म्हणाली या वयात लोक नर्मदा परिक्रमा करतात, याला ड्रायव्हरगिरी सुचतेय. पण अमेरिकेत याचं कोणाला काही वाटत नाही, तिथे रिटायर झाल्यावर नवरा-बायकोने गाडी काढून देशाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणं ही जवळजवळ रीतच आहे. ही रीत पडली कशी ते मी वाचत बसलो आणि मला मजा वाटली ती ही, की यातली जवळपास कुठलीच गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या फिरण्यासाठी केलेली नव्हती. कोणी पैजेसाठी केली, कोणी गाड्या खपवायला, कोणी मिलिटरीसाठी, आणि फिरतायत आता आजी-आजोबा.

सुरुवात १९०३ ची. व्हर्मॉन्टचा एक डॉक्टर, होरेशिओ नेल्सन जॅक्सन, वय ३१, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात बसलेला असताना वाद झाला की मोटारगाडी हे श्रीमंतांचं खेळणं आहे, लांबचं काम त्याचं नाही. याने ५० डॉलरची पैज मारली की मी न्यूयॉर्कपर्यंत जाऊन दाखवतो. स्वतःची गाडी नाही, चालवायचा अनुभव बेताचाच! मग एक सेकंडहँड विंटन घेतली, २० हॉर्सपॉवरची, म्हणजे आजच्या मोटरसायकलएवढी ताकद, सोबत सेवॉल क्रॉकर नावाचा मेकॅनिक घेतला आणि २३ मे ला निघाला. नेवाडाच्या वाळवंटात अडकायला नको म्हणून उत्तरेकडून ओरेगन, आयडाहो असा मोठा वळसा. रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या. टायर फुटायचे, पार्ट तुटले की ट्रेनने येईपर्यंत गावात बसून राहायचं, चिखलात रुतली की दोर बांधून ओढायची. आयडाहोत त्याने बड नावाचा एक कुत्रा घेतला आणि धुळीने त्याचे डोळे चुरचुरायला लागले म्हणून त्यालाही गॉगल घातला, तो फोटो आजही बघायला मिळतो. २६ जुलैला न्यूयॉर्क, ६३ दिवस. खर्च झाला ८,००० डॉलरच्या आसपास आणि पैजेचे ५० डॉलर त्याने कधी मागितलेच नाहीत.

१९०९ मध्ये अ‍ॅलिस रॅमसी ही २२ वर्षांची बाई न्यूयॉर्कहून निघून ५९ दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. गाडीत चौघी, त्यातल्या दोघी तिच्या नणंदा, आणि गाडी चालवता येणारी ही एकटीच. नणंदांना घेऊन ५९ दिवस, यावर काकूचं मत विचारायचं राहिलंय.

मग रस्त्याचं बघायला लोक पुढे आले ते गाडीच्या धंद्यातलेच. कार्ल फिशर हा गाडीच्या हेडलाइटमध्ये पैसा केलेला माणूस, त्याच्या डोक्यातून लिंकन हायवे निघाला, १९१३ मध्ये जाहीर झाला, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत ३,३८९ मैल. हायवे म्हटला तरी बराचसा कागदावर, जुनेच कच्चे रस्ते एका नावाखाली जोडलेले. तो किती कच्चा होता ते १९१९ मध्ये मिलिटरीला कळलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, आपली वाहनं देशाच्या या बाजूहून त्या बाजूला नेता येतात का बघू म्हणून वॉशिंग्टनहून ८१ गाड्यांचा ताफा निघाला, ७ जुलैला. पूल मोडले, ट्रक वाळूत बसले, युटाच्या खारट चिखलात तर सैनिकांनी गाड्या हाताने ढकलल्या. सॅन फ्रान्सिस्को आलं ६ सप्टेंबरला, ६२ दिवसांनी. म्हणजे कुत्र्याला गॉगल घालून गेलेल्या डॉक्टरपेक्षा अमेरिकेची आर्मी फक्त एक दिवस कमी, आणि तीही सोळा वर्षांनी.

त्या ताफ्यात २८ वर्षांचा एक अधिकारी होता, ड्वाइट आयझेनहॉवर. त्याने हे हाल स्वतः बघितले, पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे ऑटोबान, म्हणजे तिथले मोठे हायवे, बघितले, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २९ जून १९५६ ला इंटरस्टेट हायवेच्या कायद्यावर सही केली, तीही हॉस्पिटलमध्ये असताना. ४१,००० मैल रस्ते, ९० टक्के खर्च केंद्र सरकारचा. काकांच्या गावातून जाणारा आय-८०, म्हणजे इंटरस्टेट ८०, यातलाच, न्यू जर्सीच्या टीनेकपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे २,९०० मैल, आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या लिंकन हायवेला खेटूनच जातो. नंबरांची पद्धतही सोपी आहे, सम नंबर पूर्व-पश्चिम, विषम नंबर उत्तर-दक्षिण, त्यामुळे जीपीएस बंद पडला तरी काकांना निदान दिशा कळायची (काकू म्हणते तरी चुकले, ते वेगळं). हे काम किती रेंगाळलं बघा, बोस्टन-सिअ‍ॅटल आय-९० वर आयडाहोतल्या वॉलेस गावात एक शेवटचा सिग्नल उरला होता, तो १९९१ मध्ये निघाला आणि गावाने त्या सिग्नलला शवपेटीत ठेवून रीतसर अंत्ययात्रा काढली.

रस्ता झाला, पण म्हातारपणी फिरायला हातात पैसे नकोत का? आधी तिथेही आपल्यासारखंच होतं, काम होईल तोवर करायचं आणि मग मुलांकडे. १९२९ च्या मंदीत बँका बुडाल्या, वयस्कर लोकांची जमापुंजी गेली, आणि १९३५ मध्ये रूझवेल्टने सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी पेन्शनचा, कायदा आणला. दर महिन्याचा पहिला चेक जानेवारी १९४० मध्ये आयडा मे फुलर या बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंट, आणि त्याही व्हर्मॉन्टच्याच, त्या डॉक्टरच्या राज्यातल्या. पुढे १९६५ ला मेडिकेअर, म्हणजे वयस्करांचा सरकारी आरोग्य विमा, आलं, ६५ नंतरच्या आजारपणाची धास्ती बरीच कमी झाली. माझं तर मत आहे की रोड ट्रिपच्या इतिहासात हायवेइतकाच या दोन कायद्यांचा वाटा आहे, फक्त चेकचा फोटो कोणी कॅलेंडरवर छापत नाही.

चाकावरच्या घराची हौस मात्र पेन्शनच्याही आधीची. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपाला गाडीला तंबू बांधून फिरणाऱ्यांनी टिन कॅन टूरिस्ट्स नावाची मंडळी जमवली, डब्यातलं जेवण खायचे आणि खूण म्हणून रेडिएटरच्या झाकणावर पत्र्याचा डबा लावायचे. १९३० च्या दशकात वॉली बायमची चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची एअरस्ट्रीम, म्हणजे गाडीमागे ओढायची खोली, आली, आणि १९६६ पासून आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत विनेबागो कंपनी मोटरहोम असेंब्ली लाइनवर काढायला लागली, तेव्हा कुठे ती साध्या नोकरदाराच्या आवाक्यात यायला लागली. त्याआधी १९६२ मध्ये सिअ‍ॅटलच्या जत्रेला, म्हणजे वर्ल्ड्स फेअरला, निघालेली कुटुंबं मॉन्टानातल्या बिलिंग्जला नदीकाठी तंबू ठोकताना बघून तिथल्या एकाने १ डॉलर ७५ सेंटला एक रात्र अशी जागा द्यायला सुरुवात केली, आजची केओए कॅम्पग्राउंडची साखळी ती हीच.

हे सगळं वाचताना सारखं आठवत राहतं की हा रस्ता सगळ्यांचा नव्हता. काळ्या कुटुंबाला हायवेवर खोली नाकारायचे, पेट्रोल नाकारायचे, काही गावांत तर सूर्य मावळल्यावर थांबायचीही बंदी. हार्लेमचा पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन याने १९३६ पासून कुठे राहता येईल, कुठे जेवता येईल याची पुस्तिका काढली, ग्रीन बुक, ती साठीच्या दशकात, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतरही थोडे दिवस निघत होती. म्हणजे आज सत्तर-पंच्याहत्तरीच्या काळ्या जोडप्याने लहानपणी मागच्या सीटवर बसून हे बघितलेलं असणार.

आणि आपले लोक? १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने देशवार कोटा गेला आणि मग साठच्या दशकाच्या शेवटी, सत्तरच्या दशकात आपले इंजिनिअर, डॉक्टर तिकडे जायला लागले. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची एकत्र संस्था, उभं राहिलं ते यांच्याच जोरावर. ती पिढी आता रिटायर झालीय, दहा वर्षं काम भरलं की सोशल सिक्युरिटी लागू होते, यांनी तर तीस-चाळीस भरलीत. आमचे काका त्यांच्या बरेच नंतरचे, पण एवढी लांब गाडी हाकायची हिंमत त्याच पिढीकडे बघून आली असं तेच सांगतात. नेब्रास्कात एका रात्री गारा पडणार म्हणून आरव्ही बाहेर लावून मोटेलमध्ये शिरले, तर रिसेप्शनच्या मागून जिरं-हिंगाच्या फोडणीचा वास. मालकीण पटेल! अमेरिकेतल्या मोटेलांचा मोठा हिस्सा गुजराती लोकांकडे आहे हे वाचलेलं असतं, पण नेब्रास्कात रात्री दहाला समोर गरम खिचडी आली की ते वेगळंच कळतं.

नॅशनल पार्कात काकांचा फायदा आणखी एक, ६२ च्या वरच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना आयुष्यभराचा सीनियर पास मिळतो, ऑगस्ट २०१७ पर्यंत १० डॉलरला होता, मग ८० झाला. तरी एका पासवर अख्खी गाडी आत जाते.

याला दुसरी बाजूही आहे, ती काकांनी स्वतः बघितली. २००८ च्या मंदीत ज्यांची घरं गेली, शेअरमधली पुंजी अर्धी झाली, त्यांच्यातले कितीतरी साठीच्या पुढचे लोक व्हॅनमध्येच राहायला लागले. हौस म्हणून नाही, भाडं परवडत नाही म्हणून. ऑक्टोबरात नॉर्थ डकोटाकडे बीट काढणीला, नाताळाच्या आधी ऑनलाइन मालाच्या गोदामांत कामाला जायचे, आणि थंडीत अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझसाइटला, तिथल्या सरकारी वाळवंटी जागेत थोड्या पैशांत सप्टेंबर ते एप्रिल राहता येतं. वायोमिंगमधल्या एका डंप स्टेशनवर, म्हणजे जिथे आरव्हीच्या संडासाची टाकी रिकामी करतात, काकांना पाइप लावता येईना, घाण बुटांवर यायच्या बेतात, तेव्हा शेजारच्या जुनाट व्हॅनमधली एक सत्तरीची बाई हातमोजे घालून आली, पाइपाची कडी फिरवून घट्ट बसवली आणि आधी काळ्या पाण्याची (संडासाची) टाकी सोडायची, मग सिंक-बाथरूमच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो, हे शिकवून गेली. काकांनी विचारलं तुम्ही कुठपर्यंत चाललात, तर ती म्हणाली बीटचा सीझन सुरू होईपर्यंत इथेच आहे.