हातछपाईचे क्लास आले कुठून?

एप्रिल लागला की कोथरूडपासून वडगावशेरीपर्यंत सोसायट्यांच्या लिफ्टशेजारी क्लासच्या जाहिराती चिकटतात. त्यांत ‘ब्लॉक, स्टेन्सिल, स्क्रीन’ ही त्रयी आता हमखास असते. एका फीमध्ये मिळणाऱ्या या तिन्ही गोष्टींचं मूळ मात्र एक नाही. ब्लॉक, म्हणजे लाकडी ठसा. त्यानं कापड छापणं हा पिढीजात धंदा होता. साचा, म्हणजे स्टेन्सिल, जगात ठिकठिकाणी लोकांना आपापला सुचला. स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, त्या साच्यातूनच निघाली, पण वाढली कारखान्यांत. ही तिघं एका टेबलावर बसली ती बाइंडरवाल्या, म्हणजे कापडावर नुसत्या चिकटणाऱ्या, रंगाच्या डबीमुळे, असं माझं मत आहे. त्याआधी हातछपाई ही फ्लॅटमध्ये बसून हौसेनं शिकायची गोष्टच नव्हती.

महाराष्ट्रात कापड रंगवणं आणि छापणं हे प्रामुख्यानं भावसार आणि रंगारी मंडळींचं काम. पुण्यात त्याची खूण एका नावात उरली आहे. १८९२ साली सार्वजनिक गणपती बसवणारे भाऊसाहेब रंगारी स्वतः होते वैद्य आणि त्यांचं आडनाव होतं जावळे. घराण्यात शालू रंगवण्याचा धंदा, म्हणून लोक रंगारी म्हणू लागले. गणपती पाहायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

धंदा घराण्यात राहायचा याचं कारण फक्त जात नव्हती, कामाचा पसाराही होता. कोरं कापड आधी धुऊन त्यातली खळ काढायची. मग ते हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवायचं, म्हणजे त्यावर पिवळट झाक येते. (हा हिरडा आपल्या जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आजही गोळा होतो. तिथं बाळहिरड्याचा भाव हा चांगलाच तापणारा विषय आहे.) काळ्या रंगासाठी भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवायचं आणि ते पाणी चिंचोक्याच्या खळीनं घट्ट करायचं. ते हिरड्याच्या कापडावर टेकलं की काळं पडतं. लालासाठी छापायची ती तुरटी. गंमत अशी की तुरटी कापडावर दिसत नाही. कुठं छापलं आणि कुठं राहिलं ते कळावं म्हणून तिच्यात किंचित गेरू कालवतात. नंतर कापड वाहत्या पाण्यात धुवायचं आणि आल नावाच्या झाडाच्या मुळ्या किंवा मंजिष्ठा घालून तांब्याच्या हंड्यात उकळायचं. डाग पडू नयेत म्हणून त्यात धायटीची फुलंही टाकतात. जिथं तुरटी लागली असेल तिथंच लाल रंग धरतो. म्हणजे ठशानं रंग छापलाच जात नव्हता, रंगाला धरून ठेवणारा पदार्थ छापला जात होता. या सगळ्याला नदीकाठ, भट्टी, वाळवायला मैदान आणि घरातली सगळी माणसं लागत.

हेच ज्ञान हिंदुस्थानी कापडाला जगभर घेऊन गेलं. कैरोजवळच्या फुस्टाटला गुजरातेत छापलेल्या मध्ययुगीन सुती कापडाचे तुकडे सापडले आहेत. त्यांचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. सुती कापडावरचा, धुतलं तरी न जाणारा लाल रंग युरोपला नवा होता, त्यामुळे मागणी इतकी वाढली की तिथले विणकर हवालदिल झाले. फ्रान्सनं १६८६ मध्ये अशा कापडावर बंदी घातली, ती उठली १७५९ मध्ये. इंग्लंडनं १७०० मध्ये आयातीला आणि १७२१ मध्ये छापील सुती कापड वापरायलाच मनाई केली. मग १७८३ मध्ये टॉमस बेलनं धातूच्या रुळानं छापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि एकोणिसाव्या शतकात तिकडचं स्वस्त छापील कापड आपल्या बाजारात उतरलं. हातानं छापणाऱ्याचं कंबरडं मोडलं ते तिथं. गुजरात, राजस्थान आणि धार जिल्ह्यातलं बाग अशा काही ठिकाणी काम टिकलं. आज पुण्यातल्या वर्गांत हाताळले जातात त्या सागवानी-शिसवी ठशांतही परप्रांतातून आलेले पुष्कळ. गांधीनगरजवळचं पेथापूर तर ठसे कोरणाऱ्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं.

साच्याची गोष्ट वेगळी. हात भिंतीला टेकवून वरून रंग फुंकला की हाताचा आकार कोरा राहतो. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहेत असा एक हात किमान ३९,९०० वर्षांपूर्वीचा निघाला. आपल्याकडे साचा आणि ठसा दोन्ही कधी कला म्हणून मिरवले नाहीत, पण घरात आणि रस्त्यावर कायम होते. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेत गंधवाले हिंडतात. एका हातात ओल्या गंधाची वाटी, दुसऱ्या हातात पितळी छाप. छाप बुडवून वाटीच्या काठावर निथळला, कपाळावर टेकवला आणि सरळ वर उचलला की झालं. जरा सरकवत उचलला की गंध फासलं जातं. हातछपाईचा पहिला धडा यापेक्षा वेगळा नाही. गौरी येतात तेव्हा वळलेल्या मुठीची कड टेकवून पाऊल उमटवायचं आणि वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके द्यायचे, हेही ठसेकामच.

तुळशीबागेत मिळणारे रांगोळीचे छापे हा साच्याचा सगळ्यात घरगुती अवतार. आधी पत्र्याचे, आता प्लॅस्टिकच्या चौकटीत जाळी बसवलेले. ठिपक्यांसाठी उदबत्तीनं भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पुष्कळ घरांत देवघराच्या फडताळात असायचा. हातानं गालिचे काढणाऱ्यांना हे छापे म्हणजे लबाडी वाटते. चार पायऱ्यांचा जिना उतरायच्या आत रांगोळी घालून ऑफिस गाठणारीला तसं वाटत नाही, आणि मी तिच्या बाजूचा आहे.

साच्याची मूळ अडचण एकच. कागदात ‘व’ कापून पाहा, गोलाच्या आतला तुकडा खाली पडतो. तो धरून ठेवायला कुठंतरी पट्टी राखावी लागते आणि ती छापात कोरी दिसते. मार्केट यार्डात पोत्यांवर रंगवलेली तुटक अक्षरं असतात ती यामुळे. मथुरा-वृंदावनच्या सांझी, म्हणजे कागद कापून साचे करणाऱ्या, कारागिरांनी कात्रीच्या कौशल्यानं या पट्ट्या नक्षीतच मिरवल्या. जपानी कारागिरांनी दुसरी वाट काढली. टेंभुर्णीच्या जातकुळीतल्या फळाचा रस चोपडून हातकागदाचे थर एकमेकांना चिकटवायचे आणि त्यांतून केसासारखी बारीक नक्षी कापायची. तुकडे सुटू नयेत म्हणून त्यांनी रेशमाचे धागे वापरले. दिसणार नाही इतका बारीक दुवा मिळाला की पुढची पायरी उघड आहे. अख्ख्या चौकटीवर रेशमाची जाळी ताणायची आणि नको तिथली भोकं बुजवायची. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमननं १९०७ मध्ये अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढं रेशीम जाऊन नायलॉन आलं आणि पुण्यात ही कला मुख्यतः लग्नपत्रिका, स्टिकर आणि मंडळांच्या टी-शर्टांवर जगली.

हे सगळं शिकवण्याचा विषय कसं झालं? वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९४० मध्ये शिवाजीनगरला हातकागद संस्था उभी राहिली, तीही ग्रामोद्योगाच्या त्याच हवेत. सुती चिंध्यांपासून तिथं बनणारा जाड, किंचित खरबरीत कागद ठशासाठी फार चांगला, रंग पटकन पितो आणि पसरत नाही. पुढं कोठारी आयोगानं, म्हणजे १९६४ ते १९६६ या काळात, कार्यानुभवाची शिफारस केली. १९६७ मध्ये पुण्यातच बालभारती सुरू झाली. तिच्या कलेच्या पुस्तकांतून ‘ठसेकाम’ राज्यभर पोचलं. आडवी कापलेली भेंडी, अर्धा बटाटा, पिंपळाचं पान, आणि दात घासायच्या जुन्या ब्रशवर कंगवा ओढून उडवलेले तुषार. वहीत एक पान भरलं की गुण मिळायचे. रंग का धरतो, हा प्रश्न कुणी विचारत नसे आणि वॉटरकलरला तो विचारण्यात अर्थही नव्हता.

खरी उलथापालथ केली ती बाइंडरनं. यात रंगद्रव्य धाग्यात मुरत नाही. डिंकासारख्या ॲक्रिलिक पदार्थानं ते कापडावर चिकटतं, सुकलं की उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरवायची, संपलं. ना हिरडा, ना भट्टी, ना नदी. फेव्हिक्रिलसारख्या छोट्या डब्या दुकानांत आल्या आणि फॅब्रिक पेंटिंगच्या लाटेत उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, कॉटनच्या साड्या यांवर घराघरांत काम सुरू झालं. साच्यासाठी जुने एक्सरे पाण्यात भिजवून, खरवडून पारदर्शक करून घ्यायचे, हा तेव्हाचा सर्वमान्य जुगाड. गोणपाट आणि जुनी चादर घडी करून डायनिंग टेबलावर अंथरली की छपाईची गादी तयार.

शिकणारी माणसंही बदलली. जिथं पोटासाठी शिकणारा मुलगा बापाच्या हाताखाली वर्षानुवर्षं नुसता कापड धरायला असे, तिथं दुपारच्या मोकळ्या वेळात शिकणाऱ्या गृहिणी आल्या, मग आयटीतली मंडळी शनिवार-रविवारी. ही वाईट गोष्ट नाही, बंद दार उघडलं. पण जाताना अर्धं शास्त्र दाराबाहेर राहिलं. बाइंडरचा छाप हाताला जाडसर लागतो आणि भरीव नक्षी असेल तर कापड कडक होतं. जुन्या पद्धतीचा छाप हाताला लागतही नाही.

अलीकडं नैसर्गिक रंगांच्या आणि पानांच्या छापाच्या कार्यशाळा निघाल्या आहेत. त्यांत हिरडा, तुरटी आणि लोखंडाचं पाणी ही जुनीच मंडळी पुन्हा दिसतात. फक्त दोन दिवसांत धुणं-वाळवणं बसत नाही, म्हणून कापड आधीच हिरड्यात बुडवून, वाळवून हातात दिलेलं असतं. ज्याला खरंच शिकायचं आहे त्यानं शिकवणाऱ्या बाईंकडे ते आदल्या दिवशीचं काम मागून घ्यावं.