भरती ८५ मिनिटं उशिरा का आली? डॉक्युमेंटेशनमधल्या चालत्या नोटबुकविषयी

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं, पण हर्णैपासून मालवणपर्यंत होडीवर जाणाऱ्याला हा हिशेब कागदाशिवाय येतो. प्रोग्राम म्हणून लिहिला तर तो एका ओळीचा आहे. भरती-ओहोटीचं गणित करणाऱ्या एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे ते कसं वापरायचं ते सांगणारी पानं, मराठीत लिहायचं झालं तर पहिलं उदाहरण हेच ठेवावं. उत्तर वाचकाला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष यंत्र कसं चालतं याकडे राहतं.

आणि ती ओळ नुसती छापलेली नको, वाचकाला त्याच पानावर बदलून चालवता आली पाहिजे. सायपाय आणि सायकिट-लर्न या मोठ्या मुक्त लायब्रऱ्यांच्या (तयार कोडच्या संग्रहांच्या) उदाहरणांवर हल्ली असं बटण असतं. दाबलं की ज्युपिटर पद्धतीचं नोटबुक उघडतं: काही चौकटी मजकुराच्या, काही कोडच्या. कोडच्या चौकटीला सेल म्हणतात. सेल चालवला की त्याच्याखाली उत्तर किंवा आलेख उमटतो.

हे पाहून अनेक प्रकल्पांमध्ये समज झालेला दिसतो, की नोटबुक टाकलं म्हणजे डॉक्युमेंटेशन सुधारलं. छापलेलं उदाहरण चुकीचं असेल तर वाचकाला निदान एरर तरी दिसते. नोटबुक मात्र एररशिवाय, सुबक आलेखासकट चुकीचं उत्तर देऊ शकतं. ते कसं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

नोटबुकमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक पान, जे तुम्हाला दिसतं. दुसरी कर्नल, म्हणजे मागे चालू असलेला पायथन, कोड ज्या भाषेत लिहिलेला आहे ती चालवणारा प्रोग्राम. सेल चालवला की त्यातला मजकूर कर्नलकडे जातो आणि त्यातून तयार झालेली नावं आणि आकडे कर्नलच्या स्मृतीत राहतात. पान म्हणजे फळा आणि कर्नल म्हणजे वर्गातल्या मुलाचं डोकं समजा. फळा पुसल्याने डोक्यातलं पुसलं जात नाही. सेल खोडून टाकला तरी त्यात ठरवलेली किंमत कर्नलमध्ये जिवंत असते. तुम्ही सेल कोणत्या क्रमाने आणि किती वेळा चालवले, यावर कर्नलची अवस्था ठरते. पानावर त्याची एकच खूण उरते, सेलच्या डावीकडच्या चौकटी कंसातला आकडा. १, २, ३, ४ असे आकडे ओळीने असतील तर ठीक. तिसऱ्या सेलपुढे ७ दिसला तर कुणीतरी मागे जाऊन तो पुन्हा चालवला आहे.

आता भरतीचं उदाहरण घेऊ. यूटाइड ही पायथनमधली मुक्त लायब्ररी पाण्याच्या पातळीच्या नोंदी घेते आणि त्या अनेक नियमित लाटांच्या बेरजेत फोडते. त्यांपैकी सगळ्यात मोठी एम-२ ही चंद्राची लाट, आवर्तन १२.४२ तासांचं. दुसरी एस-२, सूर्याची, बरोबर १२ तासांची. दोघींचा जोर दर १४.७७ दिवसांनी जुळतो, तेव्हा उधाण; उलटा पडतो तेव्हा भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरत्या. लायब्ररी प्रत्येक लाटेची उंची आणि फेज, म्हणजे ती अमुक क्षणी कितव्या अंशावर आहे ते, काढून देते. वेळा जागतिक प्रमाणवेळेत द्यायच्या असतात. आपल्या बंदरावरच्या नोंदी मात्र भारतीय वेळेत, म्हणजे साडेपाच तास पुढे. म्हणून डॉक्युमेंटेशन लिहिणारा तिसऱ्या सेलमध्ये सहज लिहून जातो: ‘वेळ’ या नावाची नवी किंमत म्हणजे ‘वेळ’ उणे साडेपाच तास.

ही ओळ एकदा चालली तर सगळं बरोबर. वाचकाने काहीतरी बदलून पाहण्यासाठी तोच सेल पुन्हा चालवला, की आधीच वजा झालेल्या वेळेतून आणखी साडेपाच तास जातात. एम-२ ताशी २८.९८ अंश फिरते, म्हणजे साडेपाच तासांत सुमारे १५९ अंश. अर्ध्या फेरीला जेमतेम २१ अंश कमी. भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटी दिसते. किनाऱ्यावरचा माणूस हे लगेच पकडेल.

तिसऱ्यांदा चालवला तर खरी पंचाईत होते. आता चूक ११ तासांची झाली. पण भरती १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येतच असते, त्यामुळे आलेखावर ती फक्त ८५ मिनिटं उशिरा आलेली दिसते. उधाण-भांग जिथल्या तिथे, लाटांच्या उंच्या अचूक, नोंदी आणि गणित यांतली तफावत तेवढीच कमी, कारण सगळी वक्ररेषा जशीच्या तशी सरकली आहे. एरर कुठेच नाही. ‘स्थानिक परिणाम असेल’ म्हणून वाचक पुढे जातो. जाणकाराला एकच धागा सापडू शकतो: आपल्या किनाऱ्यावर लागोपाठच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, कारण के-१ आणि ओ-१ या दिवसाला साधारण एकदा फिरणाऱ्या लाटा त्यांत मिसळलेल्या असतात. के-१ अकरा तासांत सुमारे १६५ अंश सरकते, म्हणून मोठी भरती आणि लहान भरती यांची अदलाबदल होते. पण डॉक्युमेंटेशनच्या तिसऱ्या सेलशी हे कोण पडताळून पाहणार?

हा प्रकार किती पसरलेला आहे याचा अंदाज २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून येतो. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरची लाखो नोटबुकं संशोधकांनी पुन्हा चालवून पाहिली. साधारण चौथा हिस्साच एररशिवाय शेवटपर्यंत गेला आणि पानावर साठवलेलं उत्तर पुन्हा तेच आलं ते जेमतेम ४ टक्क्यांत. लायब्रऱ्यांच्या गहाळ आवृत्त्या हेही त्याचं कारण आहे, पण सेलच्या क्रमाचा वाटा कमी नाही.

उपाय साधा आहे. एका नावावर दुसरी किंमत चढवायची नाही. मूळ नोंदींचं नाव ‘वेळ_भारतीय’, बदललेल्यांचं ‘वेळ_जागतिक’. मग तो सेल दहा वेळा चालवा, उत्तर तेच. त्याहून चांगलं म्हणजे तास हाताने वजा करूच नयेत. पांडाज या लायब्ररीत वेळेला आधी ‘एशिया/कोलकाता’ हा पट्टा जोडता येतो आणि मग ती जागतिक वेळेत फिरवता येते. पट्टा जोडलेल्या वेळेला पुन्हा पट्टा जोडायला गेलात तर पांडाज एरर देऊन थांबतं. ओरडणारी चूक परवडते. त्याच्याखाली एक तपासणी सेल ठेवावा: नोंदी भारतीय मध्यरात्री सुरू होत असतील तर जागतिक वेळेत पहिली नोंद आदल्या दिवशी १८:३० ची असायला हवी, नसेल तर थांब.

कोडमध्ये बदल झाला की सगळी नोटबुकं कोऱ्या कर्नलवर वरून खाली चालवून पाहण्याची सोय अनेक प्रकल्प करतात, आणि ती हवीच. पण वर सांगितलेली चूक तिच्यात सापडत नाही, कारण तिथे प्रत्येक सेल एकदाच चालतो. म्हणून एनबीक्लायंट हे नोटबुक कोडमधून चालवणारं साधन वापरून एक छोटी चाचणी लिहावी, जी प्रत्येक सेल लागोपाठ दोनदा चालवते आणि शेवटची उत्तरं एकेरी चालवण्याच्या उत्तरांशी ताडून पाहते. मारिमो किंवा ज्युलिया भाषेतलं प्लूटो यांच्यासारखी नोटबुकं हा प्रश्न मुळातच सोडवतात: एकच नाव दोन सेलमध्ये ठरवू देत नाहीत आणि एक सेल बदलला की त्यावर अवलंबून असलेले सेल आपणहून चालवतात. नवा प्रकल्प असेल तर माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

कोड चालतो कुठे, हा पुढचा प्रश्न. बाइंडर ही सेवा रिपॉझिटरीतून, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातून, एक पूर्ण संगणकीय वातावरण उभं करून दूरच्या सर्व्हरवर कर्नल सुरू करते. कुठलीही लायब्ररी चालते, पण सुरू व्हायला मिनिटं लागू शकतात आणि थोडा वेळ हात लावला नाही की सत्र बंद होऊन केलेले बदल जातात. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही लपंडाव खेळत असताना हे त्रासाचं. दुसरा मार्ग ज्युपिटरलाइटचा. त्यात पायोडाइड असतं, म्हणजे वेबअसेंब्लीत, ब्राउझरला चालवता येणाऱ्या रूपात, रूपांतरित केलेला पायथन, मोझिलात २०१८ साली सुरू झालेला प्रकल्प. कर्नल वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालतो. पहिल्यांदा बरेच एमबी उतरवावे लागतात, पण एकदा कर्नल आणि लायब्रऱ्या उतरल्या की हिशेबाला सर्व्हर लागत नाही. अडचणी ठरलेल्या आहेत: सी भाषेचा भाग असलेली लायब्ररी आधी वेबअसेंब्लीसाठी तयार केलेली असावी लागते, आणि दुसऱ्या संकेतस्थळावरची फाइल ब्राउझर बहुधा अडवतो. म्हणून नोंदींची फाइल डॉक्युमेंटेशनसोबतच ठेवा. तासाला एक याप्रमाणे ३० दिवसांच्या ७२० नोंदी पुरतात, काही केबींचं काम. लायब्ररीची आवृत्तीही नेमून द्या. नाहीतर पान जुन्या आवृत्तीचं आणि ब्राउझर सगळ्यात नवी उतरवतो.

३० दिवस का, हे नोटबुकमध्येच दाखवता येतं. सरकपट्टीने नोंदी १० दिवसांवर आणा. एम-२ आणि एस-२ वेगळ्या ओळखायला १४.७७ दिवस लागतात. त्याहून कमी नोंदींत गणित दोघींची गल्लत करून भलत्याच उंच्या देतं. एन-२ ही चंद्राच्या कमी-जास्त अंतरामुळे येणारी लाट वेगळी काढायला साडेसत्तावीस दिवस. हीच एन-२ आलेखातून वगळून पुन्हा लावली, की ‘सुपरमून’च्या रात्री समुद्र गावात शिरणार असे जे संदेश मोबाइलवर फिरतात त्यांचा दमही कळतो. सैद्धांतिक हिशेबाने तिची उंची एम-२ च्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. पाणी गावात आणणाऱ्या गोष्टी म्हणजे वादळी वारा आणि हवेचा घटलेला दाब, आणि त्या या लाटांच्या बेरजेत नसतातच.

मराठीत नोटबुक करणाऱ्यांसाठी दोन खास खड्डे. पायथन ३ मध्ये ‘भरती’ हे नाव थेट वापरता येतं, पण शब्दात अदृश्य जोडचिन्ह आलं तर तो अडतो. कळफलक ते कधी कधी गुपचूप घालतो. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून आलेखावर चौकोन उमटतात. फाँट बदलला तरी ‘रत्नागिरी’तली वेलांटी आणि जोडाक्षर मोडलेलं दिसू शकतं, कारण अक्षरं जुळवण्याचं काम फाँट एकटा करत नाही. आलेखावर आकडे ठेवा आणि मराठी मजकूर खालच्या चौकटीत लिहा.

राहिलं साठवण्याचं. नोटबुकची फाइल आतून जेसन या मजकुराच्या ठरावीक साच्यात असते आणि आलेखाचं चित्र लांबलचक अक्षरमाळ म्हणून तिच्यातच भरलेलं असतं. एका शब्दाची दुरुस्ती केली तरी बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये शेकडो ओळींचा फरक दिसतो आणि तपासणारा कंटाळून मंजुरी देतो. ज्युपिटेक्स्टने नोटबुक साध्या मजकुराच्या रूपात ठेवा, किंवा एनबीस्ट्रिपआउटने उत्तरं काढून मगच कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंदवा. चित्रं डॉक्युमेंटेशन बांधताना कोऱ्या कर्नलवर तयार होऊ द्यात आणि बटणाच्या वर स्थिर रूपात दिसू द्यात, म्हणजे बटण न दाबणाऱ्यालाही उत्तर वाचता येतं.