एमएक्स रेकॉर्ड आला कुठून
मेल पोचत नाही म्हटलं की बरेच जण आधी पासवर्ड बदलतात, मग सर्व्हर रीस्टार्ट करतात, पण माझं म्हणणं, आधी डोमेनचा एमएक्स (त्या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणारा रेकॉर्ड) बघा, आणि तो असा का वागतो हे कळायला थोडं मागे जायला लागतं.

१९७१ ला रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवर पहिला मेल पाठवला तेव्हा पत्त्यात थेट मशीनचंच नाव असायचं, आणि मशीनची यादी एकाच फाइलमध्ये ठेवायचे. मशीन वाढत गेली तशी ती यादी झेपेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणारी, अनेक सर्व्हरवर वाटलेली यादी. त्यात मेलसाठी दोन रेकॉर्ड होते, एमडी म्हणजे जिथे मेल शेवटी पोचवायचा ते मशीन, आणि एमएफ म्हणजे मध्ये घेऊन पुढे पाठवणारं. आता गोची अशी की कॅशमध्ये (आधी मिळालेल्या उत्तरांच्या तात्पुरत्या साठ्यात) एमडी सापडला तरी त्या नावाला एमएफ पण आहे का हे त्यावरून कळायचं नाही. म्हणून जानेवारी १९८६ ला दोन्ही बाजूला ठेवून एकच एमएक्स आणला, त्याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ या इंटरनेटच्या नियमपत्रकात लिहिले: मेल सर्व्हरच्या नावासोबत एक आकडा, लहान आकडा आधी, तो नाही लागला तर पुढचा. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की जी मशीन इंटरनेटवर नव्हतीच, यूयूसीपी या जुन्या पद्धतीने फोनलाइनवरून मेल घ्यायची, त्यांनाही एखाद्या गेटवेकडे (इंटरनेटवरून मेल घेऊन पुढे देणाऱ्या मशीनकडे) एमएक्स वळवून नीट डोमेनचा पत्ता मिळाला.

आजच्या बऱ्याच अडचणी त्याच नियमांतून येतात. एमएक्स नसेल तर मेल सरळ ए रेकॉर्डवर (डोमेनच्या नावाला दिलेल्या आयपी पत्त्यावर) जातो, म्हणजे चुकून एमएक्स उडाला की मेल वेबसाइटच्या सर्व्हरवर जाऊन धडकतो. मेल नकोच असेल तर २०१५ पासून एमएक्समध्ये आकडा शून्य आणि नावाच्या जागी नुसता टिंब, अशी सोय झाली.

आणि झोन फाइलमध्ये (डोमेनचे रेकॉर्ड जिथे लिहितात त्या फाइलमध्ये) नावाच्या शेवटी येणारा टिंब! तो राहिला की डोमेन परत चिकटतं, 'मेल.उदाहरण.कॉम' लिहिलेलं 'मेल.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम' होतं. एकदा अर्धा दिवस मी फायरवॉल तपासत होतो, शेवटी डिग (डीएनएसला विचारून बघायची कमांड) चालवलं तर नाव असं दोनदा दिसलं, टिंब टाकला, बदल झाला हे बाकीच्या सर्व्हरना कळावं म्हणून झोन फाइलचा सिरियल नंबर वाढवला, आणि टीटीएल (जुनं उत्तर कॅशमध्ये ठेवायची मुदत) संपल्यावर अडकलेले मेल एकेक करून यायला लागले.