पाळी जाण्याआधीच्या पन्नास उड्या

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला जोन बॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळी चालू असलेल्या आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना एकच व्यायाम दिला: जागच्या जागी 50 उड्या, आठवड्यातून सहा दिवस. उडीची उंची सरासरी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार-पाच बोटं. पाच महिन्यांनी पहिल्या गटाच्या खुब्याजवळच्या हाडाची घनता 2.8 टक्क्यांनी वाढली होती. दुसऱ्या गटाने त्याच उड्या वर्षभर मारल्या, तरी वाढ दिसली नाही. हे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. हाडांचा विचार साठीनंतर करायचा, ही आपली सवय किती महागात पडते ते यातून कळतं.

2.8 टक्के थोडे वाटतील. पण तिशीनंतर हाडांची घनता आपणहून वाढत नाही, आणि पाळी जाण्याच्या सुमारास ती काही वर्षं दरवर्षी एक-दोन टक्क्यांनी, कधी त्याहून जास्तच घटते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत 51च्या आसपास. म्हणजे आपल्या हाताशी असलेली वर्षं मुळातच कमी.

हाडाच्या आत बारीक नळ्यांमधून अस्थिपेशींचं जाळं पसरलेलं असतं. भार आला की हाड अगदी किंचित वाकतं, नळ्यांतला द्रव सरकतो आणि पेशींना भाराची खबर लागते. मग त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी स्रवतात आणि हाड बांधणाऱ्या पेशींना मोकळीक मिळते. या कामात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची साथ लागते. पाळी गेल्यावर तीच कमी पडते.

द्रव जोरात सरकायला भार झटक्यात यावा लागतो. संध्याकाळचं तासभर चालणं हृदयासाठी आणि रक्तातल्या साखरेसाठी उत्तम, ते सोडू नये. पण त्या भाराची हाडांना वर्षानुवर्षांची सवय झालेली असते. पोहताना आणि सायकल चालवताना तर शरीराचं वजन हाडांवर पुरतं येतच नाही.

संख्या मात्र फार लागत नाही. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन यांनी 1984 साली पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर रोज मोजून भार दिला. दिवसाला 36 वेळा भार दिल्यावर हाड वाढलं. 1800 वेळा दिला तरी त्याहून जास्त वाढलं नाही. थोड्या भारांनंतर पेशी दाद देईनाशा होतात आणि काही तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा तयार होतात. म्हणून एका दमात शंभर उड्या मारण्यापेक्षा सकाळी 20 आणि संध्याकाळी 20, दोन उड्यांमध्ये थोडं थांबून, हे बरं. अमेरिकेत 25 ते 50 वयाच्या स्त्रियांनी दोन उड्यांमध्ये 30 सेकंद थांबून दिवसातून दोनदा 10 किंवा 20 उड्या मारल्या, तेव्हा 16 आठवड्यांत खुब्याच्या हाडाची घनता सुधारलेली आढळली.

बरीच वर्षं उडी मारली नसेल तर पहिले तीन आठवडे उडी नकोच. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि दणकन खाली टेकायच्या, असं 20 वेळा. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता 10-15 वेळा उठबस. मग रोज 10 उड्यांनी सुरुवात करून दर आठवड्याला पाच वाढवाव्यात. उतरताना आधी चवडे, लगेच टाचा. गुडघे किंचित वाकलेले आणि पावलांच्या रेषेत. गुडघे आत वळत असतील तर उडी कमी करा आणि मांड्यांची ताकद आधी वाढवा. गुडघे ताठ ठेवले तर सांध्याला मार बसतो. उलट पार खाली बसत उतरलं तर सगळा धक्का स्नायूच पिऊन टाकतात आणि हाडापर्यंत फारसं काही पोहोचत नाही. सरळ उड्या जमल्या की पुढे, बाजूला उड्या घ्या. लंगडी तर फारच उत्तम, पण दोन्ही पायांवर सारखी. इंग्लंडमध्येच लफबरो विद्यापीठात रोज एका पायावर 50 उड्या घेणाऱ्या तरुणींच्या त्याच पायाच्या खुब्यात फायदा दिसला.

उड्यांचा फायदा मणक्याला फारसा होत नाही आणि मनगटाला तर अजिबातच नाही. मणक्यासाठी वजन उचलायला हवं. दोन हातांत पाणी भरलेले पाच-पाच लिटरचे कॅन घ्या, पाठ सरळ ठेवून नितंब मागे न्या, कॅन गुडघ्यांखाली येईपर्यंत वाका आणि उभ्या राहा. आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस. शेवटच्या दोन वेळा जड गेल्याच पाहिजेत. बारा सहज जमू लागले की वजन वाढवा. एक किलोचे डंबेल तीस-चाळीस वेळा हलवून हाडाला काही कळत नाही. पाठ गोल करून वजन उचललं तर मणक्यांवर नको तिथे दाब येतो. मनगटासाठी जोर काढा: आधी भिंतीवर, मग ओट्यावर, शेवटी जमिनीवर.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे व्यायाम वाढवून जेवण तोडणं. खाणं फार कमी पडलं की पाळी लांबते, कधी बंदच होते. इस्ट्रोजेन घटतं आणि व्यायाम करूनही हाड झिजतं. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवाच. दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठात त्यातलं साधारण 350 मिळतं, बाकीचं दूध, दही, तिळातून.

किरकोळ पडण्याने पूर्वी हाड मोडलं असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या असतील, गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या नकोत. उडी मारताना लघवी सुटत असेल तर लाजून गप्प बसू नका. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आधी शिकून घ्या.

परिणामाला किमान चार-सहा महिने लागतात, आणि थांबलात तर मिळवलेलं ओसरतं. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी दर दोन महिन्यांनी करू नका. यंत्राच्या मोजणीतच एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, त्यामुळे दोन तपासण्यांत निदान वर्षाचं अंतर ठेवा, आणि दोन्ही एकाच यंत्रावर करा.