गाठीमागे किती युनिट?

खानदेशातल्या जिनिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करण्याच्या धंद्याचा, इतिहास सांगताना बहुतेक जण वाफेच्या इंजिनापासून सुरुवात करतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) कापसाला आलेला भाव, मग रेल्वे, मग जळगाव-अमळनेरच्या गिरण्या, हे सगळं इथल्या माणसाला पाठ आहे. विजेचा आजचा गुंता, म्हणजे आधुनिकीकरणाने वीज वाचली की वाढली हा वाद, मात्र 2000 नंतरचा आहे.

त्या वर्षी केंद्राने कापसासाठी तंत्रज्ञान मोहीम काढली. तिचा एक भाग जिनिंग आणि प्रेसिंगच्या (रुई दाबून गाठी बांधण्याच्या) सुधारणेचा होता. आपल्या रुईत सुतळी, केस, पानांचा चुरा सापडतो ही सूतगिरण्यांची जुनी तक्रार. अनुदान हवं तर अंगण पक्कं करा, प्री-क्लीनर (आधी कचरा काढणारं यंत्र) बसवा, कापूस माणसाच्या हाती न लागता जिनपर्यंत, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रापर्यंत, न्या. उद्देश स्वच्छ रुईचा होता. वीज वाचवणं हा त्यातला मुद्दाच नव्हता, आणि पुढचा सगळा वाद इथूनच निघाला.

आधी काय होतं? एका मोठ्या मोटारीवर लांबलचक शाफ्ट, त्यावरून प्रत्येक जिनला पट्टा. कापूस बायका डोक्यावरून आणायच्या आणि हाताने जिनवर टाकायच्या. नव्या मांडणीत जिनला स्वतंत्र मोटार आली, पट्ट्यांतली गळती थांबली. ही खरी बचत. पण बायकांच्या जागी आले ब्लोअर आणि पत्र्याचे पाइप. कापसापेक्षा कितीतरी जास्त हवा ढकलावी लागते, त्यात पाइपाच्या प्रत्येक वळणावर हवेचा दाब घटतो. एका हाताने वाचवलेली वीज दुसऱ्या हाताने पंख्यात गेली, आणि मजुरी गेली ती वेगळीच. तरी कागदोपत्री या सगळ्याला ‘आधुनिकीकरण’ हा एकच शब्द राहिला. पुढे त्याच शब्दाचा अर्थ ‘ऊर्जाबचत’ असाही लावला गेला, तो माझ्या मते चुकीचा. रुई सुधारली, हे मान्य. पण 170 किलोच्या गाठीमागे किती युनिट जळाले, हा हिशेब वेगळा मांडायला हवा होता.

उपाय नव्हते असं नाही. हवेऐवजी पट्ट्याचा कन्व्हेयर चालतो. पंख्याला गती कमी-जास्त करणारा ड्राइव्ह लावला आणि गती 20 टक्के उतरवली, तर विजेची गरज जवळपास निम्म्यावर येते. पंख्याचं गणितच घनाचं आहे: विजेची गरज गतीच्या घनाप्रमाणे बदलते. पण जिन चालतं दिवाळीनंतरचे चार-पाच महिने. उरलेलं वर्ष ड्राइव्ह धूळ खातो, मग पैसे वसूल व्हायला हंगामामागून हंगाम जातात.

ऊर्जा संवर्धनाचा कायदा 2001 चा. त्याखाली 2012 पासून आठ क्षेत्रांतल्या बड्या वापरकर्त्यांना बचतीची लक्ष्यं मिळाली. कापड उद्योगासाठी उंबरठा वर्षाला 3,000 टन तेलाइतक्या ऊर्जेचा, म्हणजे नुसत्या विजेत मोजलं तर साधारण साडेतीन कोटी युनिट. हंगामी जिन तिथवर पोचणारच नाही. 2023 च्या जूनमध्ये कार्बन व्यापाराची योजना आली. तिचं माप ‘उत्सर्जन तीव्रता’, म्हणजे एका नगामागे किंवा टनामागे किती उत्सर्जन. एकूण धूर वाढला तरी तीव्रता घटू शकते, हे बातम्यांत क्वचितच येतं.

आणि तीव्रता काढायची तरी कशी? कित्येक कंपाउंडांत जिन, प्रेस आणि सरकीची तेलघाणी, तिन्ही एकाच मीटरवर आहेत.