कांद्याची मान सुकली की निम्मं काम झालं

कांदा हे मुळात दोन वर्षांचं पीक. पहिल्या वर्षी ते जमिनीखाली अन्न साठवतं, दुसऱ्या वर्षी त्यावर फुलतं. म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-येवल्याच्या चाळींत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडांत) पडलेला उन्हाळ कांदा आपल्या थाळीसाठी थांबलेलाच नसतो. तो सुप्तावस्थेत असतो, पण श्वसन चालूच असतं.

त्यामुळे त्याचं नुकसान ऋतूप्रमाणे बदलतं. मे महिन्याच्या उन्हात वजन घटतं, पावसाळी दमट हवेत सड लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सुप्तावस्था संपून कोंब फुटतात. गंमत म्हणजे कोंबांना सर्वात मानवतं ते साधारण 10 ते 20 अंश तापमान. शून्याच्या आसपास ते थांबतात आणि 25-30 अंशांतही दबून राहतात. विजेशिवाय उभी असलेली आपली चाळ याच दुसऱ्या टोकावर चालते. कांदा थोडासाच गार करून ठेवणं मात्र सर्वात वाईट.

सडीचा रस्ता बहुतेक वेळा मानेतून, म्हणजे कांदा आणि पात जुळते तिथून, जातो. पात ओली असताना कापली की बुरशी आणि जिवाणूंना दार उघडं मिळतं. म्हणून निम्म्या रोपांच्या माना आडव्या पडल्यावर काढणी करायची, आणि कांदा पातीसकट शेतातच तीन-चार दिवस असा पसरायचा की एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यांवर सावली धरेल. नुसत्या उन्हात तो भाजतो. मग दोन-अडीच सेंटीमीटर नाळ ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचं. मान पिळवटून मिटते, बाहेरचे पापुद्रे कोरडे होऊन रंग धरतात, आतलं पाणीही कमी उडतं. उशिरा दिलेल्या युरियाने मान जाड होते आणि ती नीट सुकतच नाही. साठवण बिघडते ती तिथूनच. जोडकांदे, डेंगळे (फुलांचे दांडे) आलेले आणि जाड मानेचे कांदे चाळीत भरूच नयेत, आधी विकावेत.

कोंबांवर दुसरा इलाज किरणांचा. भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प लासलगावला 2002 मध्ये सुरू झाला. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण साधारण 60 ते 90 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतक्या मात्रेत दिले की गाभ्यातल्या कोंबाच्या पेशींचं विभाजन थांबतं. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही; तेवढी ऊर्जाच त्या किरणांत नसते. असा कांदा बियाण्यासाठी मात्र बाद. शिवाय किरण कोंब रोखतात, सड नाही. ओल्या मानेचा कांदा किरण देऊनही सडणारच.

किरण द्यायचे तेही कांदा सुप्तावस्थेत असताना, काढणीनंतर काही आठवड्यांतच. नेमक्या त्याच वेळी सगळ्या जिल्ह्याचा माल एकदम निघतो. आणि स्वस्त, अवजड कांद्याला वाहतूक-हाताळणीचा जादा खर्च सोसवत नाही, हे माझ्या मते खरं दुखणं. आंब्याला तो परवडतो. 2007 मध्ये अमेरिकेला निघालेला हापूस याच लासलगावातून किरण घेऊन गेला. त्याला मात्रा लागते 400 ग्रे, कारण तिथे बंदोबस्त करायचा असतो कोयीतल्या किडीचा.